हरभऱ्याच्या झाडावर

२०२३ च्या दिवाळीत आमच्या चौकात माझा फ्लेक्स लागला. वर हात जोडलेले एक भाऊ, ज्यांना नगरसेवक व्हायचंय. खाली त्यांच्या मित्रमंडळाच्या सतरा चेहऱ्यांची रांग. मधे मी, पिसांचा सूट घालून, टम्म फुगलेल्या पुरीसारखी. ‘मनास्लू शिखर (८१६३ मी.) सर करणाऱ्या नागपूरच्या कन्येचे हार्दिक अभिनंदन.’ सत्तेचाळिसाव्या वर्षी कुणी कन्या म्हटलं तर बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? बाकी मजकुरात एकच चूक होती. मी ते शिखर सर केलेलं नव्हतं.

भाऊंना फोन केला. म्हटलं, मी साधारण सात हजार शंभर मीटरवरून परत आले, शिखर अजून हजारभर मीटर वर होतं. ते म्हणाले, ‘‘मॅडम, सात हजार काय न् आठ हजार काय, आपल्या लोकाईले काय फरक पडते? सेमिनरी हिल्सच्या वर सगळा हिमालयच हाय.’’

सेमिनरी हिल्स ही आमच्या शहरातली बुटकी टेकडी. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, आणि तिथून चारी बाजूंना ताटासारखं सपाट. ‘दुरून डोंगर साजरे’ आम्हाला शाळेत शिकवतात, पण उदाहरणादाखल दाखवायला दूरचाही डोंगर नसतो. पन्नासेक किलोमीटरवर रामटेकचा गड आहे. कालिदासाच्या यक्षाने जिथून मेघाला हिमालयाकडे धाडलं तो रामगिरी हाच, असं आम्ही मानतो. यक्षाने ढगाला पाठवलं, स्वतः गेला नाही. शापाचं निमित्त होतं, पण माणूस शहाणाच म्हणायचा.

मी शहाणी नव्हते. तिशीच्या आत उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत अठ्ठावीस दिवसांचा बेसिक कोर्स केला होता, ‘ए’ ग्रेड मिळाली होती. पुढे लग्न, मुलगी, बदल्या. मधे एकदा लडाखला जाऊन स्टोक कांगरी चढले, ६,१५३ मीटर. तेव्हा ते चढाईला अजून बंद झालं नव्हतं. मग मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि घरात एकदम जागा झाली. त्या जागेत हे खूळ शिरलं.

सराव कुठे करणार? शेजारच्या चौदा मजली टॉवरचे जिने. पाठीवर बारा लिटर पाण्याच्या बाटल्या, दिवसाला आठ फेऱ्या. उतरताना गुडघ्यांवर ओझं नको म्हणून गच्चीवर पोहोचले की पाणी तिथल्या काकूंच्या कुंड्यांना ओतायचं, खाली येऊन बाटल्या पुन्हा भरायच्या. काकूंचा मोगरा त्या उन्हाळ्यात असा फुलला की विचारू नका. चौदा मजले म्हणजे बेचाळीसेक मीटर, आठ फेऱ्यांचे तीनशेवर. रोज समुद्रापासून नागपूरपर्यंतची चढाई झाली की मी ऑफिसला जायची. वॉचमन पहिला आठवडाभर न चुकता सांगायचा, ‘‘मॅडम, लिफ्ट चालू हाय ना!’’ पुढे त्याने नाद सोडला.

नवतप्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे आणि कूलरसुद्धा गरम वाफा सोडत असताना, मी घरात आठ हजारी शिखरांचे डबल बूट घालून फिरत होते. पायाला सवय व्हावी म्हणून. तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले ती २९ मे ही तारीखही आमच्या नवतप्यातच पडते, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ते तिकडे होते, तू इकडे आहेस, आणि फरशीला चरे पडून राहिले.

एव्हरेस्टचा विचार आकड्यावरच संपला होता. नेपाळ सरकारचा परवानाच तेव्हा ११,००० डॉलर होता. पुढे तो १५,००० झाला. मनास्लू उंचीने जगात आठवं, शरद ऋतूतला परवाना तेव्हा १,८०० डॉलर. काठमांडूच्या कंपनीचं पॅकेज, बूट, भाड्याचा सूट, विमान, सगळं धरून साडेसोळा लाख. एफडी मोडली. दीर म्हणाले, ‘‘वहिनी, तेवढ्यात उमरेड रोडला प्लॉट आला असता.’’ नागपूरकराच्या तोंडी याहून मोठा शोक नाही.

मी विम्याच्या दाव्यांचं काम करते, त्यामुळे कुठलाही करार शेवटच्या पानावरून वाचायची सवय. या कराराच्या समावेशाच्या यादीत परवाना, तंबू, जेवण, सामाईक दोर लावण्याच्या खर्चातला वाटा, ऑक्सिजनच्या तीन बाटल्या आणि ‘एकास एक शेर्पा’ होते. शेर्पा हा शब्द यादीत ऑक्सिजनच्या बाटलीनंतर होता. शेवटच्या पानावर, समावेश नसलेल्या गोष्टींत: बक्षिसी, आणि ‘शिखर गाठल्यास शेर्पाला द्यायचा बोनस’. त्या ‘गाठल्यास’वर पेन्सिलने खूण केली आणि विसरून गेले.

सोती खोलापासून सामागावपर्यंत बुढी गंडकीच्या काठाने चालत गेलो. ती वाट फार सुंदर आहे, पण तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सामागावची सकाळ सांगायची आहे. गाव साडेतीन हजार मीटरवर. तिथून बेस कॅम्प, म्हणजे आणखी तेराशे मीटर चढ. अंगणात आमच्या सामानाचे ढीग, आणि गावकरी ते वजन करून उचलत होते. माझी डफल बॅग एका बाईच्या वाट्याला आली. माझ्याच वयाची असावी. तिने डफलवर आणखी एक निळा ड्रम बांधला, दोरीचा पट्टा, ज्याला ते नाम्लो म्हणतात, कपाळावर घेतला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि चालू लागली. पायात साधे कापडी बूट. त्या डफलमध्ये दोन किलो जवसाची नि तिळाची चटणी होती, वरचं जेवण गळ्याखाली उतरलं नाही तर, म्हणून. पाठीवर पाण्याची एक बाटली आणि रेनकोट घेऊन मी तिच्यामागे चढू लागले. वीस मिनिटांत ती दिसेनाशी झाली.

जिन्याच्या त्या आठ फेऱ्या मला तिथे पहिल्यांदा आठवल्या, आणि जरा लाज वाटली.

बेस कॅम्पवर जेवणाच्या तंबूत गालिचा होता. खुर्च्या, हीटर, वायफाय, संध्याकाळी पॉपकॉर्न, एकदा तर केक. हवा समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडी जास्त. बोटाला क्लिप लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा आणि एकमेकांचे आकडे विचारायचे, जसे आपल्याकडे निवृत्त लोक सकाळी बागेत साखरेचे विचारतात. माझा ८२. जवसाची चटणी पहिल्या तीन दिवसांत स्वयंपाक्याने आणि त्याच्या पोरांनी संपवली. दालभातावर त्यांना ती फारच आवडली.

मग पूजा. ती झाल्याशिवाय शेर्पा डोंगरावर पाय ठेवत नाहीत. दगडांचा चौथरा, रंगीत पताका, जुनिपरचा धूर, गावातून आलेले लामा. आम्ही बर्फातल्या कुऱ्हाडी, क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली बांधायचे दाते, कमरेचे हार्नेस, सगळं चौथऱ्याला टेकवून ठेवलं. मला खंडेनवमीला ऑफिसच्या कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहतो ते आठवलं. शेवटी एकमेकांच्या गालाला पीठ फासलं आणि माझ्या गालाला ज्याने फासलं तो म्हणाला, ‘‘दिदी, म तपाईंको.’’ म्हणजे दिदी, मी तुमचा. एकास एक.

त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याला विचारलेलं नाही. मी त्याला भाइ म्हणायचे. नेपाळीत भाइ म्हणजे धाकटा. जातीने तो शेर्पा नव्हताच, तामांग होता. शेर्पा हे मुळात एका समाजाचं नाव. डोंगरावरच्या कामाला ते चिकटलं आणि आता राई, गुरुंग, तामांग सगळ्यांनाच लागू झालं. वय एकतीस. मनास्लूच्या माथ्यावर तीनदा जाऊन आलेला. त्याची मुलगी चार वर्षांची. हे मी विचारलं कारण मला विचारायची सवय आहे: नाव, वय, वारसदार. विम्याचा फॉर्म डोक्यातून जात नाही.

विमा त्याचा होता. नेपाळात तो सक्तीचा आहे. १८ एप्रिल २०१४ ला एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात बर्फ कोसळून सोळा नेपाळी कामगार गेले, सगळे दुसऱ्यांच्या मोहिमांचं सामान वाहणारे. सरकारने घरच्यांना तातडीची मदत म्हणून चाळीस हजार नेपाळी रुपये देऊ केले. त्यावर उद्रेक झाला, तो मोसम तिथेच थांबला, आणि विम्याची किमान रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपये झाली. आपले साधारण साडेनऊ लाख. दुसऱ्या कॅम्पवर, तंबूत, मी हा हिशोब मनातल्या मनात केला. साडेसोळा आणि साडेनऊ. रोज माणसांच्या किमतीचे कागद हाताळणारी बाई मी, पण हे दोन आकडे एका कागदावर लिहायला माझा हात धजला नसता.

आता चढाईचं सांगते, कारण लोकांना तेच ऐकायचं असतं. पहिल्या आणि दुसऱ्या कॅम्पच्या मधे बर्फाच्या तुटक्या भिंती आहेत, भेगांवर शिड्या टाकलेल्या. सगळीकडे दोर आधीच लावलेला. तुमच्या हातात जुमार, एक दातेरी पकड. दोरावर वर सरकते, खाली सरकत नाही. सरकवा, पाऊल टाका, श्वास घ्या. सरकवा, पाऊल. दोर कुठे खिळवायचा, भेग कुठून ओलांडायची, कोसळणारा बर्फ टाळून वाट कशी काढायची, हे सगळं आमच्या आधी काही माणसांनी ठरवून ठेवलेलं. गाठीच्या जागी पकड काढून पुढच्या दोराला लावायची असते. मोठे हातमोजे घालून ते जमेना की भाइ मागून हात घालून लावून द्यायचा. लहान मुलाच्या बुटाची नाडी बांधावी तसं.

अशाच एका भिंतीखाली, छाती फुटेस्तोवर धापा टाकत असताना, मला शाळेतलं व्याकरण आठवलं. चढणे आणि चढवणे. साधं क्रियापद आणि प्रयोजक. आई जेवते, आई जेववते. मी चढते आहे की मला चढवताहेत? मराठीत या दोघांत एका ‘व’चा फरक आहे, आणि माझ्या बाबतीत तो ‘व’ तीसेक किलोची पिशवी घेऊन माझ्या मागे उभा होता, माझी धाप ओसरायची वाट बघत.

याचा अर्थ मी काहीच केलं नाही असा नाही. पाय माझेच होते, खोकला माझा होता, रात्री तंबूत उठून बसून श्वास घ्यावा लागायचा तो मलाच. ‘पैसे फेकून चढतात’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा ती पकड दोनशे वेळा सरकवून बघावी. पण ‘मी शिखर सर केलं’ या वाक्यात कर्ता एकवचनी आहे, आणि तिथेच ते खोटं पडतं. मनास्लूची पहिली चढाई झाली ९ मे १९५६ ला. नोंदीत दोन नावं आहेत, तोशिओ इमानिशी आणि ग्याल्झेन नोर्बू शेर्पा. जोडीने. नंतरच्या नोंदी हळूहळू एकट्यांच्या होत गेल्या.

आणि या डोंगराची गंमत अशी की इथे ‘सर केलं’ हेही बरीच वर्षं ढिलं होतं. खरा माथा एका धारदार कण्याच्या टोकाला आहे, आणि दोर त्याच्या अलीकडच्या उंचवट्यापर्यंतच लागायचा. लोक तिथे फोटो काढायचे, खाली येऊन प्रमाणपत्र घ्यायचे. सप्टेंबर २०२१ मध्ये मिंग्मा ग्याल्जे शेर्पा यांच्या तुकडीने बगलेने वाट काढून खरा माथा गाठला, आणि एका ऑस्ट्रेलियन तरुणाच्या ड्रोनने वरून फोटो काढला. त्या फोटोत नेहमीच्या जागी थांबलेली माणसं आणि त्यांच्या पुढे खऱ्या माथ्याकडे निघालेली माणसं एकदमच दिसतात. आठ हजार मीटर चढून शेवटचे थोडेसे राहिलेले किती जण असतील! आमच्या भाऊंना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बघा मॅडम, मी तेच म्हणत होतो.

तिसरा कॅम्प पावणेसात हजारांच्या आसपास. २३ सप्टेंबर २०१२ च्या पहाटे इथेच झोपेतल्या तंबूंवर हिमलोट आला आणि अकरा माणसं गेली. हे मला घरून ठाऊक होतं, आणि ठाऊक असून तिथे झोपायचं होतं. झोप लागली नाही. भाइ तंबूच्या दाराशी गॅस पेटवून बर्फ वितळवत बसला होता. भांडंभर बर्फाचं तळाशी दोन बोटं पाणी होतं. पुन्हा बर्फ, पुन्हा वाट. दोन लिटरला दोन तास. पहिली बाटली भरली तेव्हा ती मोज्यात घालून त्याने माझ्या झोपायच्या पिशवीत सरकवली, पायाला ऊब म्हणून. मग स्वतःच्या बाटलीसाठी बर्फ घेतला. मला बारा लिटर पाणी आठवलं, जे मी रोज चौदाव्या मजल्यावर ओतून देत होते.

सकाळी मास्क लावला. चार लिटरची बाटली, तीनशेच्या दाबाने भरलेली, म्हणजे बाराशे लिटर. मिनिटाला दोन लिटर सोडले की दहा तास. असा हिशोब मला आवडतो. पण त्या दिवशी हिशोबात मीच बसत नव्हते. चौथ्या कॅम्पचा उतार लांब आणि उभा आहे. खोकल्याने बरगड्या दुखत होत्या. आम्ही साडेतीन तास चाललो आणि साडेतीनशे मीटर चढलो. आमच्या पुढे गेलेली माणसं वर ठिपके झाली, मग ठिपकेही गेले. एका जागी, दोर दुहेरी बांधला होता तिथे, मी उभी राहिले आणि उभी राहता राहता डोलायला लागले. आमच्या गटातला एक जण तिथेच थांबला होता, त्याने फोटो काढला. भाइने घड्याळ पाहिलं, माझ्या बाटलीचा काटा पाहिला, मास्क बाजूला करून माझे ओठ पाहिले.

‘‘दिदी, तल जाऊँ.’’

नेपाळीत तल म्हणजे खाली. मला ते मराठीत ऐकू आलं: तळ. तळाला जाऊ. मी म्हटलं, अजून एक तास. तो नुसता हसला आणि माझी पकड वरच्या दोरावरून काढली.

रडले, हे सांगायला हरकत नाही. तो उतरताना माझ्या मागे, वरच्या बाजूला राहिला, आखूड दोराने मला धरून. बेस कॅम्पला पोहोचायला दीड दिवस लागला. तिथे, पॉपकॉर्न खाताना, मला ते शेवटचं पान आठवलं. ‘गाठल्यास’. मला परत फिरवून त्याने त्याचा बोनस घालवला होता. आमच्या धंद्यात पॉलिसी लॅप्स झाली की एजंटचं कमिशन जातं, त्यामुळे एजंट ती कशी चालू ठेवायला लावतो हे मी पंचवीस वर्षं बघत आलेय. इथे माझ्या पॉलिसीला जपायला एजंट स्वतःच्या खिशाला खार लावून बसला होता.

बोनसचं पाकीट काठमांडूत दिलं. त्याने मोजलं नाही, खिशात घातलं आणि विचारलं, ‘‘दिदी, त्यो चटणी फेरि ल्याउनुहुन्छ?’’ चटणी पुन्हा आणाल का.

सत्कार झाला. सभागृह अर्धं भरलं होतं, जे अशा कार्यक्रमाला चांगलं म्हणायचं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, भाऊंचं पंधरा मिनिटांचं भाषण, ज्यात एव्हरेस्ट तीनदा आलं. मराठीत कुणाला फुगवायचं असेल तर हरभऱ्याच्या झाडावर चढवतात. हरभऱ्याचं झुडूप गुडघाभरही नसतं आणि माणसाच्या वजनाने मोडतं. म्हण करणाऱ्याने उंचीचा विचार बरोबर केला होता. इथेही क्रियापद प्रयोजकच आहे. स्वतःहून त्या झाडावर कुणी चढत नाही.

माइक हातात आला तेव्हा मी सांगितलं की मी शिखरावर गेलेली नाही, साधारण तेवीसशे मीटर बेस कॅम्पच्या वर आणि हजार मीटर माथ्याच्या खाली, एवढं माझं कर्तृत्व, आणि त्यातलंही बरंचसं दुसऱ्याचं. क्षणभर शांतता. मग टाळ्या आधीपेक्षा जोरात. मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘किती साध्या आहेत हो!’’ झाड आणखी दोन फूट वाढलं. मी खाली बसले. नारळाची त्याच रात्री चटणी केली.

फ्लेक्स पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसाच राहिला. आधी भाऊंचा चेहरा उडाला, मग मित्रमंडळातले सहा जण. चौकात तर्री-पोह्याचा ठेला आहे, तिथे रविवारी सकाळी आम्ही उभे असतो. ठेलेवाला रोज त्या फ्लेक्ससमोर कढईत तर्री ढवळत असतो, त्यामुळे जगात तो फोटो सर्वांत जास्त त्यानेच पाहिला असेल. एका रविवारी त्याने झारा वर करून विचारलं.

‘‘मॅडम, पाठीमागचा डोंगर तं कळला, बर्फाचा. पण तो हात कोनाचा व्हय?’’

डिझाइन करणाऱ्याने मागचा उतार काढून तिथे इंटरनेटवरचा भलताच टोकदार डोंगर लावला होता, आणि माझ्याभोवतीचं सगळं कापलं होतं. एक गोष्ट कापायची राहिली होती. माझ्या डाव्या खांद्याशी नारिंगी हातमोज्यातला पंजा, मनगटापासून पुढे काही नाही.

‘‘खांद्यावर हात ठेवला कोनी, सायबांनी काय?’’

मी प्लेट घेऊन फ्लेक्सच्या अगदी जवळ गेले. इतके महिने मीही तो खांद्यावर ठेवलेला हातच समजत होते. ठेवलेला नव्हता. बोटं वळलेली होती. त्याने माझ्या पिशवीचा पट्टा मुठीत घट्ट धरलेला होता.

‘‘धरलं आहे,’’ मी म्हटलं. ‘‘मी पडून राहिली होती.’’

त्याने पोह्यावर तर्री ओतली, वरून कच्चा कांदा टाकला. ‘‘मंग नाव टाकाले पाह्यजे होतं ना त्याचं,’’ तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.